परक्या चुलीपाशी सहा आठवडे: ग्वाटेमालातल्या मानवशास्त्र फील्ड स्कूलची तयारी

अमेरिकन विद्यापीठं जिला ‘समर फील्ड स्कूल’ म्हणतात, म्हणजे गावातल्या कुटुंबात राहून संशोधन शिकायची उन्हाळी शाळा, ती ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात भर पावसात भरते. मे ते ऑक्टोबर तिथे पावसाळा, आणि तिथली माणसं स्पॅनिशमध्ये या दिवसांना ‘इन्व्हिएर्नो’ म्हणजे चक्क हिवाळा म्हणतात. मी ‘समर’ या शब्दावर भरवसा ठेवून सुती कुडते आणि सनस्क्रीन घेऊन गेले. पहिल्याच आठवड्यात पानाहाचेल या जवळच्या गावच्या बाजारातून रबरी बूट आणि जाड पांघरूण विकत घ्यावं लागलं. तेव्हा पहिली सूचना हीच: घड्याळ, कॅलेंडर आणि शब्द, तिन्ही तिथलेच धरून चाला.

हा लेख अतित्लान तळ्याकाठच्या गावांपुरता आहे. तळं समुद्रसपाटीपासून साधारण १५६० मीटरवर, जुन्या ज्वालामुखीच्या कुंडात. दक्षिणेला सान पेद्रो, तोलिमान आणि अतित्लान हे तीन ज्वालामुखी. काठावर माया लोकांची गावं. पानाहाचेलकडच्या बाजूला काक्चिकेल भाषा. पलीकडे सान पेद्रो, सान हुआन आणि सांतियागोत त्सुतुहिल. मानवशास्त्रज्ञांची इथली वहिवाट जुनी आहे. सोल टॅक्स यांनी १९३० च्या दशकात पानाहाचेलला राहून घरोघरी कांदा किती पिकतो, कुठे विकतो, पैसे कशावर जातात याचा बारीक हिशेब मांडला. विद्यार्थ्यांना माया कुटुंबांत राहायला पाठवण्याची पद्धत शेजारच्या मेक्सिकोतल्या चियापासमध्ये हार्वर्डच्या इव्हॉन व्होट यांनी १९५७ पासून सुरू केलेल्या प्रकल्पामुळे रुळली. तुम्ही जाल त्या गावाने तुमच्याआधी वही घेतलेले बरेच जण पाहिलेले असतात. तुमचं त्यांना अप्रूप नसतं, आणि ते बरंच आहे.

शाळा निवडताना काय विचारायचं

फील्ड स्कूल साधारण चार ते आठ आठवड्यांची असते. फी डॉलरमध्ये आणि हजारांत. माहितीपत्रकावरचे तळ्याचे फोटो सगळीकडे सारखेच सुंदर असतात, म्हणून ईमेल करून विचारायचे प्रश्न वेगळे.

यजमान कुटुंबाला दर आठवड्याला किती पैसे मिळतात आणि ते थेट मिळतात का? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून शाळा ओळखता येते. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जाऊ नका. एका घरात किती विद्यार्थी ठेवतात? एकच हवा. दोघं ठेवले की संध्याकाळी चुलीपाशी बसण्याऐवजी खोलीत इंग्रजीत गप्पा होतात. मी हे शेजारच्या घरात रोज पाहत होते. प्राध्यापक त्याच तळ्याकाठी राहतात की राजधानीत? संशोधनाच्या नैतिक मंजुरीचं काम शाळा करते की तुमच्या विद्यापीठातून तुम्ही स्वतः आणायचं? ही मंजुरी यायला महिनेही लागतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीतच विचारा. आणि शेवटचा प्रश्न: एखाद्या घरात जमलं नाही, तर घर बदलण्याची पद्धत काय?

तुम्ही भारतातून अर्ज करणार असाल तर क्रेडिट तुमच्या विद्यापीठात धरली जातील का, हेही आधी कागदावर घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ला अर्थ नाही.

व्हिसा आणि विमान

इथे आपल्या पासपोर्टवाल्यांची खरी दमछाक होते. वर्गातले अमेरिकन सोबती तिकीट काढून मोकळे होतात, आपण फाइल घेऊन हिंडतो. ग्वाटेमालासाठी भारतीयांना व्हिसा लागतो; अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असलेल्यांना सवलत मिळत आली आहे. पण नियम बदलतात आणि विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस तुमचं ऐकत नाही, म्हणून नवी दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या दूतावासाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा.

प्रवासाचा मार्ग व्हिसा बघून ठरवा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. मेक्सिको किंवा युरोपमार्गे जाताना त्या त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम आधी तपासा. अमेरिकेत शिकत असाल तर विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावर प्रवासासाठीची सही ताजी आहे ना आणि पासपोर्टवरचा व्हिसा परतीच्या दिवशी चालू असेल ना, हे निघण्याआधी महिनाभर बघा. ग्वाटेमालात मिळणारे ९० दिवस हे होंडुरास, एल साल्व्हाडोर आणि निकाराग्वा धरून चार देशांत मिळून असतात. मध्ये शेजारच्या देशात चक्कर मारली म्हणून ते नव्याने मोजले जात नाहीत.

डॉक्टरांकडे हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि धनुर्वाताचं विचारा. रेबीजचंही विचारा, कारण गावात कुत्री मोकाट आणि पायवाटा अरुंद.

भाषा: आधी स्पॅनिश, मग कानांची तयारी

किमान चार महिने रोज स्पॅनिश करा. व्याकरण कच्चं राहिलं तरी चालेल, पण ऐकून समजलं पाहिजे. जमल्यास आठवडाभर आधी जाऊन आंतिग्वा किंवा सान पेद्रोत एकास एक शिकवणी लावा; रोज चार तास एकच शिक्षक समोर बसतो, तोंड उघडावंच लागतं.

उच्चारांत मराठी माणसाला थोडी सवलत आहे. स्पॅनिश त, द आपल्यासारखे दंत्य, त्यामुळे आपलं बोलणं अमेरिकनांपेक्षा लवकर कळतं. माया भाषांत मात्र घशात श्वास अडवून काढायची व्यंजनं आहेत. ती मराठी सवयीने निघत नाहीत, गुपचूप पोरांकडून शिकावीत. घरातल्या वयस्क बायकांना बरेचदा स्पॅनिश जेमतेमच येतं, म्हणून यजमानांच्या भाषेत निदान नमस्कार, ‘माल्त्योश’ म्हणजे आभार, आणि ‘पुरे’ एवढं तरी पाठ हवं. ‘पुरे’ सर्वांत महत्त्वाचं.

एक वाक्य आधीच कानात बसवून ठेवा: ‘फीहेसे के…’ शब्दशः ‘बघा की’. याने सुरू होणारं वाक्य कधी चांगली बातमी आणत नाही. ‘फीहेसे के आज पाणी आलं नाही.’ ‘फीहेसे के भाऊजी आज मुलाखतीला यायचे नाहीत.’ आपल्याकडचं ‘अहो, त्याचं काय झालं…’ अगदी तेच. यावर ‘का?’ विचारायचं नसतं. मान हलवायची आणि ‘बरं, उद्या’ म्हणायचं.

मोठ्यांना ‘उस्तेद’ म्हणजे अहो-जाहोच, आणि नावाआधी पुरुषाला ‘दोन’, बाईला ‘दोन्या’. वर्गातल्या काहींनी यजमानीणबाईंना पहिल्याच दिवशी अरे-तुरे केलं. कोणी काही बोललं नाही, पण आठवडाभर त्यांना कोणी कुठलं कामही सांगितलं नाही.

पहिला आठवडा: पिला

घर म्हणजे अंगणाभोवती तीन-चार खोल्या, एक धुराने काळवंडलेलं स्वयंपाकघर आणि मध्यभागी ‘पिला’. पिला म्हणजे सिमेंटचं हौदासारखं धुण्याचं ठिकाण. मधला खोल हौद स्वच्छ पाण्याचा. दोन्ही बाजूंना उथळ उतरत्या पन्हाळ्या, एकीत भांडी, दुसरीत कपडे. नियम एकच: मधल्या हौदात हात, भांडं, साबण, काही बुडवायचं नाही. प्लॅस्टिकच्या वाडग्याने पाणी काढून बाजूला ओतायचं.

मी पहिल्या सकाळी दात घासून, फेसाळ हातातला मग सरळ मधल्या हौदात बुडवला. घरातल्या आजी समोर उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी बोळा काढला, हौद सगळा रिकामा होऊ दिला, खराट्याने घासला आणि आत गेल्या. नळाला पाणी थेट दुसऱ्या दिवशी पहाटे आलं. त्या दिवशी सात माणसांच्या घरात शेजारून कळशीने पाणी आणलं गेलं, आणि आणणाऱ्यांत मी होते. माझ्या वहीत त्या दिवशीच्या नोंदीत ‘पाणी’ हा एकच शब्द आहे, खाली दोनदा रेघ. पुढे माझा छोटा प्रकल्प याच विषयावर झाला: गल्लीत पाणी कधी येतं, कोण भरतं, कोणाकडून उसनं मागता येतं आणि कोणाकडून नाही.

बाकीचे नियम भराभर सांगते. नळाचं पाणी पिऊ नका, मोठ्या बाटलीतलं प्या. संडासातला कागद भांड्यात नाही, शेजारच्या डब्यात. शॉवरला विजेचा गरम करणारा डबा असेल तर ओल्या हाताने त्याला हात लावू नका. खोलीत शिरताना ‘कोन पेर्मिसो’ म्हणा. जेवण झाल्यावर उठताना सगळ्यांना उद्देशून ‘मुचास ग्रासियास’ म्हणायचं. ज्यांचं अजून चालू आहे तेही ‘बुएन प्रोवेचो’ म्हणतात. आपल्याला हे उलटं वाटतं, कारण आभार फक्त वाढणारीचे मानायचे असा आपला समज. तिथे मात्र सोबत बसल्याबद्दल सगळ्यांचे.

शाकाहारी असाल तर ‘मी कार्ने खात नाही’ एवढ्याने भागत नाही. तिथल्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे बहुतेक वेळा गोमांस. कोंबडी त्यात धरत नाहीत, आणि कोंबडीचा रस्सा हा पाहुण्याचा मान. म्हणून आधीच, शाळेच्या माणसाकडून घरी निरोप जाऊ द्या: कार्ने नाही, पोयो (कोंबडी) नाही, पेस्कादो (मासे) नाही. मग काळा घेवडा, अंडी, भाज्या, मिरची आणि तोर्तिया (मक्याच्या पातळ भाकऱ्या) मिळतील, तिन्ही त्रिकाळ. घेवड्याच्या फोडणीत डुकराची चरबी असू शकते, हे मात्र मनाशी आधी मिटवून जा.

चुलीपाशी: मुलाखत नको, काम मागा

माझं या लेखात सांगणं काय असेल तर हेच. पहिले दोन आठवडे रेकॉर्डर बॅगेतच राहू द्या. प्रश्नावली घेऊन बसलात की समोरचा माणूस सरकारी माणसाशी बोलावं तसा बोलतो. कामाला लागलात की बोलणं आपोआप होतं, आणि तुमच्या प्रश्नांपेक्षा चांगलं होतं.

बाईमाणसाला काम मिळण्याची जागा म्हणजे मका. आदल्या रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवतात. सकाळी खळखळून धुतला की वरची साल सुटून जाते. मग टोपली डोक्यावर किंवा कमरेवर घेऊन ‘मोलिनो’, म्हणजे गल्लीतली चक्की. उजाडायच्या आत तिथे बायकांची रांग असते आणि गावातली प्रत्येक बातमी त्या रांगेतून जाते. माझ्या सगळ्या नोंदींतला निम्मा ऐवज या रांगेतला आहे. दळून आलेल्या ओल्या पिठाला म्हणतात ‘मासा’. हा शब्द ऐकला की पहिले काही दिवस माझ्या डोळ्यांसमोर बांगडाच यायचा. काही घरांत तो पुन्हा दगडावर वाटतात. तो दगड पाहून आपल्याला पाटा-वरवंट्याची आठवण होतेच, फक्त त्याला पाय असतात आणि बाई गुडघ्यांवर बसून वाटते.

आणि मग तोर्तिया. मला वाटलं, भाकऱ्या करणाऱ्या घरातली मी, हे तर जमणारच. परात मागितली, पीठ भुरभुरलं आणि थापायला बसले. पोरांनी हसून अंगण डोक्यावर घेतलं. तोर्तिया परातीत थापत नाहीत. गोळा दोन तळव्यांच्या मध्ये हवेतच फिरवत, टाळ्या वाजवल्यासारखी थापतात. कडा बोटांनी नाही, तळव्याच्या फुगीर भागाने सारखी होते. माझ्या तोर्तिया महाराष्ट्राच्या नकाशासारख्या झाल्या आणि कोंबड्यांना गेल्या. तिसऱ्या आठवड्यात एक माणसांच्या ताटात गेली.

यात एक सापळा आहे आणि तो खास आपल्यासाठी आहे. अमेरिकन विद्यार्थ्याला सगळंच नवं वाटतं, म्हणून तो विचारतो. आपल्याला सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आपण विचारत नाही. चूल, भाकरी, सासू, चुना, पावसावरची पेरणी. मी चुन्याबद्दल दोन आठवडे विचारलंच नाही, कारण चुना मला माहीत होता. तो मक्याचं पोषण बदलतो, त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागू देतो, आणि युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही म्हणून तिकडच्या मका खाणाऱ्या गरिबांत नायसिनच्या अभावाचा पेलाग्रा हा रोग पसरला, हे मला तिथल्या ग्रंथालयात कळलं. यजमानीणबाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्याच असत्या, ‘चुन्याशिवाय मका पोट भरतो, ताकद देत नाही.’ नंतर विचारलं तेव्हा त्या अगदी असंच म्हणाल्या. म्हणून रोज रात्री वहीत एक सदर ठेवा: ‘आज मी काय गृहीत धरलं’.

मुलग्यांना बहुधा मिल्पात नेतात, म्हणजे मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावलेल्या शेतात. जूनमध्ये खुरपणी आणि भर घालणं चालू असतं. कुदळीसारखं ‘असादोन’ हातात देतात. पहिल्या दिवशी तळव्याला फोड येतील. ते झाकू नका, त्यावरून होणारी थट्टा फार कामाची असते. मुलींनी शेतात जायचं असेल आणि मुलग्यांनी चुलीशी बसायचं असेल तर आधी विचारा. परवानगी मिळते, पण विचारायला हवं.

वही

दिवसभर खिशातल्या छोट्या वहीत दोन-दोन शब्द. संध्याकाळी त्यावरून पूर्ण नोंद, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लिहीन म्हटलं की माणसांचे शब्द जाऊन तुमचे शब्द उरतात. कोण काय म्हणालं आणि तुम्हाला काय वाटलं, या दोन गोष्टी वेगळ्या शाईत. मी नोंदी मराठीत लिहिल्या. त्याचे दोन फायदे: घरातली पोरं वही उघडून वाचू शकत नाहीत, आणि ‘मेहुणी’, ‘नणंद’, ‘भावजय’ हे शब्द हाताशी असतात. स्पॅनिश ‘कुन्यादा’मध्ये हे सगळं एकत्र कोंबावं लागतं.

पहिल्या आठवड्यात गल्लीचा नकाशा काढा, दुसऱ्यात घराची वंशावळ. सोलोलाचा बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी असतो; यजमानीणबाईंबरोबर पिशवी उचलायला जा आणि त्यांनी काय, कितीला, कोणाकडून घेतलं ते नोंदवा. टॅक्स यांचं काम समोर ठेवून हा छोटा अभ्यास सहा आठवड्यांत नीट होतो. ‘माया संस्कृतीतील बदल’ असला विषय मात्र होत नाही, घेऊ नका.

नोंदींची प्रत रोज दोन ठिकाणी ठेवा. मानवशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कर्नाटकातल्या रामपुरा गावाच्या अभ्यासाच्या, वर्षानुवर्षं नीट लावलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला एकाच इमारतीत होत्या. आग लागली आणि तिन्ही गेल्या. तुमच्या बाबतीत आग लागायची गरज नाही, तळ्यातली होडी पुरते.

जिथे पाऊल जपून

ग्वाटेमालातलं यादवी युद्ध १९६० पासून १९९६ पर्यंत चाललं. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. सांतियागो अतित्लानला २ डिसेंबर १९९० रोजी सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, १३ जण गेले, आणि त्यानंतर गावाने सैन्याचा तळ हलवायला लावला. तुमच्यासमोर तोर्तिया थापणाऱ्या बाईने हे पाहिलेलं असू शकतं. आपण होऊन विचारू नका. त्यांनी विषय काढला तर ऐका, लिहिणं नंतर.

संमतीचा कागदही याच कारणाने अवघड. नावांच्या याद्या आणि सह्या यांची तिथे वाईट आठवण आहे. मंजुरी घेतानाच तोंडी संमतीची सोय मागून घ्या आणि नोंदीत सगळ्यांची नावं बदला.

लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईला विचारल्याशिवाय काढू नका. अनोळखी मुलाला उचलून घेणं तर नाहीच. मुलं पळवणाऱ्या परदेशी लोकांची भीती तिथे खोल आहे. २००० साली तोदोस सांतोस कुचुमातान या गावात अशाच अफवेतून जमावाने एका जपानी पर्यटकाला आणि बसचालकाला ठार केलं.

धर्माचं पहिल्याच दिवशी समजून घ्या. घर कॅथलिक आहे, इव्हॅन्जेलिकल (जुने देव-विधी न मानणारा प्रॉटेस्टंट पंथ) आहे की जुने विधी पाळणारं? सांतियागोत माशिमोन नावाचा देव आहे. त्याला सिगार आणि दारू वाहतात, आणि तो दरवर्षी घर बदलतो. आपल्याला तो लगेच ओळखीचा वाटतो, आपल्याकडेही दारूचा नैवेद्य घेणारे गावदेव आहेत. पण तुमचं यजमान घर इव्हॅन्जेलिकल असेल तर तिथे जाऊन आल्याचं कौतुकाने सांगू नका. मी सांगितलं. त्या रात्री प्रार्थनेत माझं नाव घेतलं गेलं, बऱ्याच काळजीने.

निघताना

पाचव्या आठवड्याच्या सुमारास एखादं घर तुम्हाला बाळाची ‘माद्रिना’ किंवा ‘पाद्रिनो’, म्हणजे धर्ममाता किंवा धर्मपिता, व्हायला सांगेल. हा मान आहे आणि आयुष्यभराचं नातंही. शाळेची फी, आजारपण, लग्न, सगळ्यात तुमची आठवण होणार. निभावायचं असेल तरच हो म्हणा. नाही म्हणायचं असेल तर प्राध्यापकांना मध्ये घ्या, ते तुमच्यापेक्षा सरावलेले असतात.

भेट म्हणून घरासाठी उपयोगाचं द्या. मी चांगली स्टीलची परात दिली. तिच्यात आता मका धुतला जातो, थापत अर्थातच काही नाहीत. फोटो मोबाइलवर पाठवाच, पण पानाहाचेलला छापूनही आणा, घरातल्या प्रत्येकाचा एक. म्हाताऱ्या माणसांचा एकट्याचा, नीट उभा, न हसता काढलेला हवा असतो. तो पुढे भिंतीवर लागतो. अहवालाचा दोन पानी सारांश सोप्या स्पॅनिशमध्ये लिहून घरी आणि गावच्या शाळेत द्या.

आणि निरोप आदल्या रात्रीच घ्या. दुपारनंतर तळ्यावर ‘शोकोमिल’ नावाचा वारा सुटतो, लाटा उठतात, होडी आपटते. म्हणून सामान घेऊन निघणारे पहाटेची लांचा पकडतात. त्या वेळी घरातल्या बायका मोलिनोच्या रांगेत असतात.